योसेफचा वाटा

आत्या दारात आली आणि तिनं दोन्ही हात पँटच्या खिशात घातले.

आमच्या दाराच्या उजव्या चौकटीला मेझुझा, म्हणजे आत प्रार्थना लिहून ठेवलेली नळी, ठोकलेला आहे. आत येणारा त्याला बोटं लावतो, तीच बोटं ओठांना लावतो आणि मग उंबरठा ओलांडतो. गावातले परधर्माचे शेजारीसुद्धा आमच्याकडे येताना सवयीनं हात उचलतात. आत्या या दारातून एकेचाळीस वर्षांपूर्वी बाहेर पडली होती. तिनं मेझुझाकडे नीट पाहिलं, ओळखलं आणि हात खिशात आणखी खोल सारून ती आत आली.

मी तांब्या पुढे केला. "पाणी घ्या, आत्या."

"नको. तू आशेर?"

"हो."

"जाहिरात तूच दिलीस?"

"हो."

"मग मी तुला काय लिहिलं होतं?"

तिनं लिहिलेलं पाठ व्हायला वेळ लागला नव्हता. पोस्टकार्डावर एवढंच होतं : *गुरुवारी येते. मलिदा करू नका.*

स्वयंपाकघरातून भिजवलेल्या पोह्यांचा, ओल्या नारळाचा आणि वेलदोड्याचा वास येत होता. लपवणार कसा? पडवीत पोयनाडहून आणि अलिबागहून आलेले आठ पुरुष टोप्या घालून बसले होते. मी आणि बाबा धरून दहा. आमच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि आमच्या गावात आता आमचं एकच घर उरलं होतं.

"नाक आहे मला," आत्या म्हणाली.

*

*माहिती हवी*

*राहेल शलोमो तळवटकर. जाताना वय बारा.*
*योसेफ शलोमो तळवटकर. जाताना वय सहा.*
*मुक्काम तळवट, तालुका अलिबाग. १९५२ साली मुलांच्या तुकडीबरोबर मुंबईहून इस्राएलला रवाना. आईवडील मागाहून येणार होते. वडील वारल्यामुळे येऊ शकले नाहीत. आई हयात आहे. भाऊ बेन्यामीन हयात आहे. कोणाला ठाऊक असल्यास कळवावे.*

*

तिकडे आपल्या लोकांचं एक मराठी त्रैमासिक निघतं. त्यात मी ही जाहिरात दिली ती त्र्याण्णव साली. मायेनं दिली असं मी बरीच वर्षं सांगत आलो. खरं कारण माझं लग्न होतं.

आम्ही बेने इस्राएल. आजोबांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असायचा, म्हणून गाव आम्हांला शनवार तेली म्हणायचं. पुढे घाणा गेला, पिठाची गिरणी आली. गिरणीही शनिवारी बंद. आमच्यात शुभकार्य म्हटलं की मलिदा. गोड पोह्यांचं ताट, त्यावर नारळ, सुका मेवा, पाच फळं, गुलाबाच्या पाकळ्या. संदेष्टा एलियाहू हन्नाबीचं नाव घ्यायचं, प्रार्थना म्हणायची, प्रत्येकाला वाटा द्यायचा. लग्नाला, बाळंतपणाला, आजारातून उठल्यावर, नव्या घराला. मलिद्याशिवाय गोष्ट सुरू होत नाही आणि संपतही नाही.

आमच्या घरात एकेचाळीस वर्षं मलिदा झाला नव्हता. आजीचा नवस होता : दोघं परत येतील, माझ्या हातचं खातील, त्या दिवशी ताट भरेन. बाबांचं लग्न तसंच झालं. माझा जन्म तसाच. आई मी नववीत असताना गेली. तिनं कधी या घरात मलिदा पाहिला नाही.

मिल्काचे वडील हनोख पेझारकर म्हणाले, "ज्या घरात मलिदा नाही, त्या घरात माझी मुलगी नाही. म्हातारीचा नवस फेडा, नाहीतर मोडा. मला दोन्ही चालेल."

मी आजीला विचारलं, "मोडतेस?"

आजी खाटेवर बसली होती. ती कायम खाटेवरच असायची. जमिनीवर ती कधी बसत नसे. कुणाकडे मयत झालं तरी घरचे लोक सात दिवस जमिनीवर बसलेले असताना ही भेटायला जाऊन उभ्या उभ्या परत यायची. गुडघे, म्हणायची.

"नवस मोडत नाहीत," ती म्हणाली. "फेडतात."

मग मी जाहिरात दिली. चार महिन्यांनी आत्याचं कार्ड आलं. त्यात योसेफकाकाचा उल्लेख नव्हता. मला वाटलं, आता आजी अडून बसणार, दोघं म्हणजे दोघं. पण ती एवढंच म्हणाली, "एक आली तरी अर्धा फिटेल. पोरीनं घासभर खाल्लं की पुरे. तुझं लग्न अडलंय."

इतकी वर्षं हट्ट धरणारी म्हातारी एका लेकरावर तडजोड करून मोकळी झाली. मला तेव्हा फक्त आनंद झाला.

*

बाबा गिरणीतून धावत आले. भुवयांवर पीठ, डोळ्यांत पाणी.

"ताई!"

आत्या दोन पावलं मागे सरली. "तू बेन्यामीन."

"हो गं! ओळखलं नाहीस?"

तिनं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. पोटाशी थांबली. "बराच जिवंत दिसतोस."

पडवीतले लोक हसले. बाबाही हसले. "गिरणीचं पीठ अंगी लागतं," ते म्हणाले. "योसेफ कसा आहे? त्याला का नाही आणलंस? एवढासा होता गं, शेंबडा. आता नातवंडं असतील त्याला."

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. काहीतरी तपासत असल्यासारखी.

तेवढ्यात आतून आजीचा आवाज आला. "राहेल? आलीस गो? एकटीच? योसेफ कुठाय?"

आत्याचं तोंड एकदम बदललं. ती खाटेपाशी गेली. पाया पडली नाही, जवळ बसली नाही.

"आये," ती म्हणाली, "हे तू विचारतेस?"

आजीनं पदर सारखा केला. "आधी खाऊन घे. लोक खोळंबलेत."

"खाणार नाही."

"राहेल."

"मी लिहिलं होतं, करू नका. तू केलंस. आता तूच खा."

तिची मराठी बारा वर्षांच्या मुलीची होती. जाताना जेवढी घेऊन गेली तेवढीच. त्रेपन्न वर्षांच्या, केस बारीक कापलेल्या बाईच्या तोंडून अंगणात भांडणाऱ्या पोरीचे शब्द येत होते, आणि हसू मात्र कुणाला येत नव्हतं.

पेझारकर पडवीतून म्हणाले, "प्रार्थना सुरू करायची की नाही? दुपारची एसटी आहे आम्हांला."

*

प्रार्थना झाली. ताट मधे होतं. आत्या भिंतीला टेकून उभी राहिली, हात खिशात. खुर्ची दिली ती घेतली नाही. शेवटी बाबांनी ताटातला पहिला वाटा केळीच्या पानावर घेतला आणि तिच्यासमोर धरला.

"घे, ताई. आयेचा नवस फिटू दे. तिचं वय झालंय."

"आधी हे वाच."

तिनं खिशातून एक फोटो काढला आणि पानावर, पोह्यांवर ठेवला. फोटो काळापांढरा होता. गवतात एक आडवा दगड, त्यावर हिब्रू अक्षरं.

"ताई, हे काय—"

"तुला वाचता येतं ना? शब्बाथला वाचतोस ना? वाच. मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू दे."

बाबांना हिब्रूचा अर्थ फारसा लागत नसे, पण अक्षर न् अक्षर वाचता येई. त्यांनी फोटो उचलला, त्यावरचा नारळाचा कीस झटकला आणि डोळ्यांजवळ धरला. पीठ उडणाऱ्या गिरणीत वजनकाट्याच्या दांडीवरच्या आकड्यावर बोट ठेवावं तसं बोट ठेवत ते वाचू लागले.

"बे... न्या... मीन." ते हसले. "माझ्याच नावाचा कुणीतरी."

"पुढे."

"बेन... शलोमो." आता ते हसले नाहीत.

"पुढे."

"तळवट... मुंबई." त्यांनी वर पाहिलं. "ताई, हे कुणाचं आहे?"

"पुढे वाच. वय आहे खाली."

"दहा वर्षं."

मला पहिल्यांदा वाटलं, कुठेतरी गफलत झालीय; सरकारी ऑफिसात होते तशी.

"तू छापलंस," आत्या माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ बेन्यामीन हयात आहे. ते वाचून मी आले. म्हटलं, जाऊन बघू तरी. तिथे तर मी दरवर्षी त्याच्या थडग्याच्या दगडावर खडा ठेवते."

*

*माहिती हवी*

*राहेल शलोमो तळवटकर. सापडली.*
*बेन्यामीन शलोमो तळवटकर. दोनदा सापडला. एकदा दगडावर, एकदा दगडासमोर.*
*योसेफ शलोमो तळवटकर. कुठल्याच कागदावर नाही.*

हे मी त्याच दिवशी दुपारी गिरणीच्या पावतीपुस्तकाच्या मागे लिहिलं. काहीतरी लिहिल्याशिवाय मला ते मांडता येईना.

*

"कागद राहेलचा आणि बेन्यामीनचा झाला होता," आत्या सांगू लागली. सांगू लागली म्हणजे भांडू लागली; भिंतीशी, ताटाशी, खाटेशी. "दोघांचा मिळून एक कागद. फोटो नव्हता त्याला. नाव, वय, बापाचं नाव, शिक्का. एक गळला तर दुसराही रद्द, असं पोरांना नेणाऱ्या संस्थेचा माणूस बोलून गेला होता. आणि जायच्या सकाळी हा नाही."

"मी कणगीत होतो," बाबा म्हणाले.

गिरणीच्या कोपऱ्यात ती कणगी अजून आहे. बांबूची, पुरुषभर उंच. पूर्वी तिच्यात घाण्याची पेंड ठेवत. लहानपणी मी तिच्यात शिरलो की बाबा चिडायचे, का ते कधी सांगत नसत.

"मी रडलो होतो," ते म्हणाले. "मला जायचं नव्हतं. आयेनं मला आत उतरवलं आणि वर झाकण घातलं. म्हणाली, लाँच सुटेपर्यंत गप बस. बाहेर आलो तर योसेफही नव्हता. आये म्हणाली, त्यानं हट्ट धरला, ताईबरोबर जायचं म्हणाला."

"हट्ट!" आत्या म्हणाली. "झोपेतून उठवून तुझा सदरा घातला त्याला. बाह्या चार वेळा दुमडल्या. तो म्हणत होता, हा दादाचा आहे, दादा मारेल मला. बाबांना दमा. घाण्याचा बैल हाकायला कोण? तू. तू कामाचा होतास. तो नुसता खायचा. आयेनं माझ्या कानाशी येऊन सांगितलं : आजपासून ह्याला बेन्यामीन म्हण. कुणाला खरं बोललीस तर दोघांना वाटेतच उतरवतील. वर्षभराची गोष्ट आहे, मग आम्ही येतोच."

आजी खाटेवरून म्हणाली, "येणारच होतो. तुझा बाप गेला त्याच पावसाळ्यात."

"मी बोलले त्यावर काही?"

आजीनं तोंड भिंतीकडे केलं.

"तिथे दहा आणि वरची मुलं टेकडीवर राहायची. लहान पोरं खाली, बहिणींबरोबर. एकाच खोलीत, एकाच पलंगावर निजायची बहिणींजवळ. त्याला वर नेला. कागदावर दहा होते ना! मी त्या मदतनीस बाईला बोटं दाखवली. अशी." तिनं पहिल्यांदाच दोन्ही हात खिशातून काढले. एका हाताची पाच, दुसऱ्याचं एक. "सहा. सहा. तिनं कागद आणून मला दाखवला आणि दहा बोटं केली. तिला वाटलं, मला मोजता येत नाही. त्याचे पुढचे दात पडत होते! दहा वर्षांच्या पोराचे पुढचे दात पडतात का?"

"तू खरं नाव का नाही सांगितलंस?" मी विचारलं. का विचारलं देव जाणे.

ती माझ्यावर धावून आलीच. "मी बारा वर्षांची होते! आये म्हणाली होती उतरवतील! मला काय ठाऊक, विमानातून उतरल्यावर वाट संपते!"

मग ती थांबली आणि तिनं हात पुन्हा खिशात घातले.

"थंडीत ताप आला. छातीत भरलं. मला दारापर्यंत येऊ दिलं. बायका त्याला हाका मारत होत्या, बेन्यामीन, बेन्यामीन. तो बघत नव्हता. त्या म्हणाल्या, शुद्ध गेलीय. शुद्ध होती त्याला. त्याला ते नाव आपलं वाटतच नव्हतं. मी दारातून हाक मारली, योशा. वळला की नाही लगेच! वळला."

बाबांच्या हातातलं केळीचं पान कलंडलं. पोहे त्यांच्या पायांवर पडले.

*

पेझारकर जाणता माणूस. पोयनाडच्या प्रार्थनालयात नियम त्यांना विचारून चालत. त्यांनी घसा साफ केला.

"झालं ते वाईट झालं. आता मलिदा नको. दुःखाच्या घरात चालत नाही. पण यालाही रीत आहे. मरणाची बातमी तीस दिवसांच्या आत कळली तर सात दिवस बसायचं. तीस दिवसांनंतर कळली तर तासभर पुरे. जमिनीवर तासभर बसा, कपडा फाडा, उठा. मन हलकं होईल." त्यांनी मनगटावर पाहिलं. "आता सव्वाअकरा. सव्वाबाराला उठू. आम्हीही थांबतो."

बाबा तिथल्या तिथे खाली बसले, सांडलेल्या पोह्यांत. सदऱ्याची कॉलर त्यांनी स्वतःच धरून फाडली.

"हा बसू दे तासभर," आत्या म्हणाली. "ह्याला आज कळलं. मी बसले तेव्हा सात दिवस. पलंगाच्या कडेला खाली, एकटीच. सगळे म्हणत होते, वेडी आहे, पलंग असून जमिनीवर बसते." ती खाटेकडे वळली. "आणि तू? तू किती बसणार?"

आजीनं पाय खाली सोडले. "तासभर. ते म्हणतायत ना."

"ते म्हणाले, उशिरा कळलं तर."

पेझारकर आजीकडे बघू लागले.

"आये, पत्र आलं होतं ना?"

"किती पत्रं यायची."

"मोठ्या पाकिटातलं. इंग्रजी. मी त्यांच्या मागे लागून धाडायला लावलं. त्यावर आपला पत्ता मी स्वतः सांगितला. वर्षभर उत्तराची वाट बघितली. मग म्हटलं, मिळालंच नसेल. इतकी वर्षं मी तेच म्हणत आले, मिळालंच नसेल. तू म्हण आता, मिळालं नाही. म्हण. मी तो मलिदा खाते, लगेच खाते, सगळ्यांसमोर, आणि जाते."

हे तिनं मनापासून सांगितलं होतं. बाबा जमिनीवरून आजीकडे आशेनं बघत होते. मीही. एका नाहीवर सगळं सुटत होतं : नवस, ताट, माझं लग्न, आत्याचा राग.

आजीनं आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"पोस्टमास्तरांनी वाचलं," ती म्हणाली. "वाचून हसले. म्हणाले, दीनाबाई, ह्यात लिहिलंय तुमचा बेन्यामीन वारला, आणि तुमचा बेन्यामीन तर माझ्या पडवीत गोट्या खेळतोय. मी बघितलं. हा खेळत होता. पोस्टमास्तर म्हणाले, काय करू? मी म्हटलं..."

"काय म्हटलंस?"

"म्हटलं, दुसऱ्या कुणाचं असेल. परत धाडा."

पडवीतल्या एकानं टोपी काढली, पुन्हा घातली.

"बसले असते तर कुणासाठी बसले असते?" आजीचा आवाज पहिल्यांदा चढला. "कागदावर हा मेला होता आणि हा तर दारात उभा! गावानं विचारलं असतं, कोण गेलं. नाव सांगितलं असतं तर तुझा कागद खोटा ठरला असता, तुला परत हाकलली असती. इथे खायला होतं काय? मी नवस केला. दोघं येईपर्यंत मलिदा नाही. दोघं येणार नाहीत हे मला ठाऊक होतं. मला दुसरं काय करता येत होतं, सांग! बसता येत नव्हतं, म्हणून मी कुठेच बसले नाही."

"किती दिवसांत आलं पत्र?" पेझारकरांनी हळू विचारलं.

"बारा-तेरा."

पेझारकरांनी हातातलं घड्याळ काढलं आणि खिशात टाकलं.

"सात दिवस," ते म्हणाले.

आजी खाटेवरून उतरली. एका हातानं खाटेचा खूर धरून, दुसरा माझ्या खांद्यावर टाकून, हाडं वाजवत ती जमिनीवर बसली. मी चटई ओढायला गेलो. आत्या म्हणाली, "चटई नको." मग ती पुढे आली, वाकली, आणि आईच्या नऊवारीचा पदर दोन्ही हातांत धरून तिनं तो टरकावला. जुनं लुगडं होतं. हवा होता त्याहून जास्त फाटला.

"नाव घे," ती म्हणाली.

"काय?"

"कुणासाठी बसलीस त्याचं नाव घे. मोठ्यानं. गाव ऐकू दे."

आजीनं नाव घेतलं. तिला दोनदा घ्यावं लागलं, पहिलं पडवीपर्यंत पोचलं नाही.

*

त्या दिवशीच्या मलिद्याला कुणी हात लावला नाही. ताटावर वर्तमानपत्र घालून मी ते शेजारच्या गोठ्यात नेलं.

बाबांचा तास सव्वाबाराला संपला, पण ते उठले नाहीत. गिरणी सात दिवस बंद राहिली. गावातली माणसं दळण घेऊन यायची, दोघांना खाली बसलेलं बघायची, काही न विचारता परत जायची. पुढे विचारू लागली. आजी प्रत्येकाला सांगे, "माझा योसेफ गेला." केव्हा, असं विचारलं की सालही सांगे. लोकांना वाटे, म्हातारीला चळ लागला.

आत्या रोज सकाळी पोयनाडहून एसटीनं यायची. तिथे तिनं कुणाकडे तरी खोली घेतली होती. प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन ती आजीसमोर बसे, दिवस मावळेपर्यंत. आमच्या घरचं पाणी पीत नसे. पिशवीत उकडलेली अंडी आणि केळी. आजी टेकू लागली की म्हणे, "सरळ बस." बाबा एकदा बोलले, "ताई, पुरे. मारशील तिला." आत्या म्हणाली, "तू गप बस. तू बसायला शीक." आणि बाबा खरंच गप्प बसले. ते तिच्यासमोर दहा वर्षांचे होऊन जात.

सहाव्या दिवशी तिनं मला बोलावलं. "लिहितोस ना तू? लिही. तुझी जाहिरात आली होती त्यातच छापायचं."

*योसेफ शलोमो तळवटकर. जन्म तळवट. भाऊ बेन्यामीन याच्या नावानं इस्राएलला गेला. १९५३ च्या थंडीत वारला. वय सहा.*

"शेवटी लिहू का, कळवण्यास उशीर झाला, क्षमस्व?"

"उशीर झाला नाही. लपवलं. तसं लिही."

मी लिहिलं. तिनं कागद घेतला, *लपवलं* या शब्दाच्या आधी जागा सोडली होती तिथे स्वतःच्या हातानं, तुटक अक्षरात, *आम्ही* असं घातलं, आणि कागद परत दिला.

पेझारकरही त्याच दिवशी आले होते. निघताना मला अंगणात थांबवून म्हणाले, "मुलगी देतो. मलिद्याचं राहू दे."

"तुमची अट—"

"राहू दे म्हटलं ना."

*

सातव्या दिवशी सकाळी प्रार्थना झाली आणि बाबांनी आजीला उठवलं. उठल्या उठल्या ती मोरीकडे किंवा खाटेकडे गेली नाही. स्वयंपाकघरात गेली. तिनं कुणाला आत येऊ दिलं नाही. नारळ खवल्याचा आवाज ऐकू येत होता, फार सावकाश. ताट नव्हतं, फळं नव्हती, दहा पुरुष नव्हते. आत्या पडवीत पिशवी बांधत होती. तिचं विमान दुसऱ्या दिवशी होतं.

आजी दोन पानं घेऊन बाहेर आली. दोन्हींवर मूठमूठ मलिदा.

"हा तुझा," ती म्हणाली. "हा त्याचा."

आत्या पानांकडे बघत उभी राहिली.

तिनं खिशातून रुमाल काढला, पिशवीवर पसरला. योसेफच्या पानावरचा मलिदा त्यात ओतला, एक कण राहिला होता तोही बोटानं टिपून आत टाकला, आणि चारी टोकं बांधली. घट्ट, दोन गाठी.

"दगडावर ठेवीन," ती म्हणाली. "पाखरं खातील."

"आणि तुझा?" आजीनं पान पुढे धरलं. "घासभर गो. एक घास."

आत्यानं पिशवी खांद्याला लावली.

"माझा राहू दे, आये," ती म्हणाली. "दोघं परत आलो की खाऊ."

ती दारातून बाहेर पडली. मेझुझापाशी क्षणभर थांबली, पण हात वर गेला नाही. एक हात खिशात होता. दुसऱ्यात योसेफचा वाटा होता.